तारप्याची फुकट सकाळ

चांगलं काम केल्याने पुण्य किती साठतं ते मला माहीत नाही, पण किस्से मात्र ढिगाने साठतात!

नवा भात घरात आला की एका रविवारी सकाळी डहाणूच्या बाजारात आम्ही मोफत कार्यक्रम करतो. तारपा ऐका, नाचा, इथलं खा, घरी जा. आयोजक दोनच: मेडिकल स्टोअरवाला मी आणि शेजारचे साउंडवाले पिनाकिनभाई.

पहिल्या वर्षी रिक्षा फिरवून ओरडलो, ‘सगळं फुकट!’ नऊ वाजले तरी चौकात कुत्रंसुद्धा नाही. समोरच्या ओट्यावर एक आजोबा तेवढे बसलेले. मी बोलवायला गेलो.

‘‘इलेक्शन हाय?’’

‘‘नाही हो.’’

‘‘मंग मोर्चा? वाढवण बंदराचा?’’

‘‘तोही नाही.’’

‘‘मंग फुकट कशाला?’’

दहा मिनिटं मी त्यांना आपली संस्कृती वगैरे समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उठले. ‘‘बरं, खातो. पण मत ज्याला द्यायचं त्यालाच देणार!’’

* * *

धाकट्या डहाणूच्या कमळमावशींचा जन्म मासळी विकण्यात गेला. त्यांना आम्ही ताजे बोंबील तळायला बसवलं. पहिल्या माणसाने मुकाट्याने प्लेट पुढे केली आणि मावशींचा चेहराच पडला.

‘‘असा कसा घेतोस? भाव तरी विचार!’’

‘‘कसे दिले?’’

‘‘शंभरला चार.’’

‘‘पन्नासला द्या ना मावशी.’’

‘‘पन्नासला? समुद्र तुझ्या बापाचा?’’ असं पाच मिनिटं चाललं. शेवटी मावशी खूश होऊन म्हणाल्या, ‘‘जा, ऐंशी! आता ने फुकट.’’

बाकीचे स्टॉल ओस आणि मावशींसमोर ही रांग! भांडून फुकट खायला मिळतं म्हटल्यावर कोण सोडेल?

* * *

आमचे तारपेवाले लहानूदादा तलासरीकडच्या पाड्यावरचे. तारपा म्हणजे दुधीभोपळ्याचं लांबलचक वाद्य, फुंकायला छाती भात्यासारखी हवी. पिनाकिनभाईंनी प्रेमाने त्याला माइक बांधला. आता तारपेवाला मधोमध उभा राहून गोल फिरतो आणि नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ध्या तासात सहा बायका आणि पिण्याच्या पाण्याचं एक मडकं वायरीत!

‘‘अरे भाऊ, वायर वाचवू के माणसं?’’ पिनाकिनभाई ओरडले. शेवटी माइक हातात धरून स्वतःच रिंगणात पळायला लागले. तेव्हापासून दरवर्षी पळतात. बायकोला सांगतात, ड्यूटी आहे.

* * *

लहानूदादांची मुलगी सुनीता पानमोड्या करते. नव्या तांदळाचं पीठ, काकडी, गूळ, पळसाच्या पानात वाफवलेलं. वसईहून आलेल्या एका साहेबांनी ती पानासकट तोंडात घातली आणि चावायला लागले. चघळताहेत, घाम पुसताहेत, ‘‘वा, वेगळीच टेस्ट!’’ म्हणताहेत. मला हसू आवरेना.

सुनीताने माझ्याकडे डोळे वटारले. मग स्वतःची पानमोडी उचलली आणि पानासकट खाल्ली. साहेब गेल्यावर म्हणाली, ‘‘पाव्हण्याला एकट्याला कसं खाऊ द्यायचं?’’

ही पोरगी मला फार आवडते.

* * *

आता यंदाचं. दिवाळीआधी लहानूदादा खोकत दुकानात आले. चिठ्ठीत गोळ्यांच्या खाली डॉक्टरांनी ठळक लिहिलं होतं, ‘तारपा फुंकणे कायमचे बंद.’

‘‘सुनीताला सांगू नको,’’ म्हणाले. मी सांगितलं. वाईट वाटलं, पण सांगितलं.

तारप्याशिवाय कार्यक्रम कसला? पिनाकिनभाई म्हणाले, ‘‘चिंता नको, गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग छे!’’ लहानूदादांना आम्ही पाहुणे म्हणून खुर्चीत बसवलं. एवढा मोठा माणूस, त्या खुर्चीत अगदी एवढासा दिसत होता.

स्पीकरवर तारपा सुरू झाला. बायका, पुरुष हात गुंफून उभे राहिले. पण एक पाय उचलेल तर शपथ!

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘तारप्याकडे पाठ करायची नसते,’’ पुढची बाई म्हणाली. ‘‘तो फिरेल तसं फिरायचं. हा तर भिंतीवर टांगलाय. फिरू कोणाभोवती?’’

तेवढ्यात लहानूदादा उठले आणि त्यांनी पिशवीतून तारपा काढला. म्हणजे घरून निघतानाच आणला होता! सुनीता धावत गेली.

‘‘बाबा, फुंकायचं नाय!’’

‘‘नाय फुंकत.’’

ते मधोमध उभे राहिले. तारपा ओठाला लावला, डोळे मिटले. सूर स्पीकरमधून येत होता आणि भोकांवर बोटं त्यांची नाचत होती. ते वळले तशी अख्खी साखळी वळली. मला रडू आलं, लपवायचं कशाला? पिनाकिनभाई तर चष्मा पुसत होते.

आणि लाइट गेली!

स्पीकर ठप्प. बाजारात नुसता पायांचा आवाज, धप धप धप. लहानूदादांचे डोळे मिटलेले, बोटं चालूच. ते वळत होते, साखळी वळत होती. एकही हात सुटला नाही.

पाहुण्यांपैकी कुणीतरी साखळीच्या टोकाच्या म्हातारीला म्हणालं, ‘‘आजी, म्युझिक बंद पडलं!’’

म्हातारीने पाय न थांबवता मान वळवली.

‘‘वाजवणारा कुठं थांबलाय?’’