‘पारंपरिक’ नव्हतं ते गाणं

सुनंदा गेल्यावर आठवड्याभरानं तिच्या आर्वीच्या कॉलेजात शोकसभा झाली. नवरा म्हणून मला पुढे बसवलं होतं. भाषणं संपली, दोन मुली माईकपाशी आल्या आणि गाऊ लागल्या. पहिल्याच ओळीला माझी मान खाली गेली...

सुनंदा मराठी शिकवायची. बायकांच्या गाण्यांवर प्रबंध लिहिताना ती जवळच्या रोहणा गावी जायची. तिथं वांग्याच्या वाफ्यात निंदता निंदता सखुबाई नावाच्या बाईनं तिला हेच गाणं म्हणून दाखवलं. प्रबंधाचं पुस्तक झालं, गाण्याखाली छापलं, ‘पारंपरिक’. ते अभ्यासक्रमातही आलं. गॅदरिंगला मुलींनी नऊवारी नेसून, डोक्यावर टोपल्या घेऊन त्यावर नाच बसवला. सुनंदानं हौसेनं सखुबाईला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. टाळ्या चालू असतानाच सखुबाई उठली.

“बाई, माही पोरगी तापानं गेली तवा म्याच जोडलं हे गाणं. तुमी त्याच्यावर नाचून राह्यले?”

घरी येईपर्यंत सुनंदा एकच म्हणत होती, “कोणाचं, ते विचारलंच नाही हो मी.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघं रोहण्याला गेलो. सखुबाईनं पाणी दिलं. सुनंदा म्हणाली, “पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव घालते.”

“नाव नोको. गाणं काढून टाकजो.”

सुनंदानं ते पुस्तकातून काढलं, भांडून अभ्यासक्रमातूनही काढायला लावलं. सोबतचे प्राध्यापक हसायचे, लोकगीत म्हणजे लोकांचंच की, म्हणायचे. ती वाद घालत नसे. पण नोट्सच्या झेरॉक्स फिरतच राहिल्या. त्या कुठून कुठून परत आणणार?

शोकसभेत तेच कागद त्या दोन मुलींच्या हातात होते. मी उठून म्हटलं, “थांबा, हे नको.”

“काऊन सर? मॅडमच्याच पुस्तकातलं हाय न!”

मग भरल्या सभेत मला सगळं सांगावं लागलं. गेलेल्या माणसाचं असं काढू नये, असं मागं कोणीतरी पुटपुटलं. मुलींचे चेहरे उतरले. तिच्या हार घातलेल्या फोटोकडे बघायची मला लाज वाटत होती, आणि गप्प बसलो असतो तर जास्त वाटली असती.

त्या गाण्याची चाल मात्र तिच्या जिभेवरून गेली नाही. भांडी घासताना नकळत ओठांवर यायची; लक्षात आलं की ती नळ पूर्ण सोडायची. काल चहाचा कप विसळताना मीही गुणगुणत होतो... पटकन नळ सोडला.