चौथा चौकोन

माझी धाकटी बहीण सहा वर्षांची असल्यापासून तिचं अंग दुखायचं. गुडघे, कोपरं, पाठ, सगळं एकदम धरायचं. चादरीचा कोपरा तोंडात कोंबून ती पडून राहायची. डोळे हळदीसारखे पिवळे व्हायचे. माय आणि बाबा आळीपाळीनं विटेचा शेक देत. वस्तीतल्या बायका म्हणत, बाहेरचं काहीतरी लागलं आहे. बाबा ते ऐकून घेत नसत. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यापासून त्यांनी घरातला अंगारा-धुपारा कायमचा बंद केला होता.

ते उत्तर नागपुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. उत्क्रांतीच्या धड्याला फळ्यावर मासा, सरडा, माकड आणि माणूस काढत, आणि माणसाच्या पुढची जागा मोकळी ठेवत. "याच्यापुढं कोण, ते तुमी ठरवान," असं वर्गाला सांगत. जन्मावरून कोणी हलका ठरत नाही, ही त्यांची एक श्रद्धा होती. पुढची पिढी आपल्यापेक्षा चांगली घडवता येते, ही दुसरी. दोन्ही एकाच घरात सुखानं नांदतील असं ते धरून चालले होते.

बहीण चौदाची झाली तेव्हा धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं. सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि शिरांमध्ये अडकतात. औषध नाही. हे आईबाप दोघांकडून आलेलं असतं, आणि दोघं मात्र वरून धडधाकट असतात. मग आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं. माझ्यातही ते अर्धं निघालं. मला काही होणार नव्हतं, पण नवराही तसाच मिळाला तर मुलांना धोका होता. "अशी मुलं जन्माला येऊच नयेत, एवढं आपल्या हातात आहे," असं डॉक्टर बाबांना म्हणाले. बाबांनी मान डोलावली. बहीण तिथंच स्टुलावर बसली होती.

तीन वर्षांनी माझ्या लग्नाचा विषय निघाला. मी बालवाडीत शिकवत होते. नागपूरलगतच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात कारकून असलेला एकजण दर रविवारी आमच्या विहाराच्या वाचनालयात यायचा. आम्ही एकमेकांना पसंत होतो, घरच्यांनाही ते कळलं होतं. बाबांनी त्याच्या रक्ताची तपासणी मागितली. त्याचा मोठा भाऊ चिडला. मास्तर आमच्या रक्तात खोट काढून राहिले, असं वस्तीभर बोलला. तो मात्र मुकाट्यानं सुई टोचून आला. रिपोर्ट माझ्यासारखाच होता.

त्या दुपारी बाबांनी मला ओसरीवर बसवलं आणि वहीच्या पानावर चार चौकोन काढले. एक मूल पूर्ण निरोगी, दोन तुझ्यासारखी, आणि चौथा चौकोन त्यांनी पेन्सिलीनं काळा केला. दर बाळंतपणाला हाच जुगार, असं ते समजावत होते. बहीण केव्हा मागं येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही.

"बाबा, तो काळा चौकोन म्हंजे मीच ना?"

"तू आमची पोरगी आहेस," बाबा म्हणाले.

"तसं नाही विचारत मी. मी अशी होणार हे आधी माहीत असतं, तर तुमी मले होऊ देलं असतं का?"

माय आत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. बाबा आयुष्यात खोटं बोलले नव्हते, निदान आमच्याशी नाही. त्यांनी पेन्सिल पानावर ठेवली.

"नसतं," ते म्हणाले. "तुले एवढं सोसावं लागलं नसतं."

"बरं," ती म्हणाली आणि आत जाऊन मायच्या शेजारी पोळ्या लाटायला बसली.

मी त्या स्थळाला नकार दिला. बाबांनी जबरदस्ती केली नाही. तसली रात्रंदिवस कण्हणारी लेकरं मला नको होती, आणि हे मी बहिणीच्या तोंडावर बोलू शकत नव्हते. त्यानंतर दुखणं उठलं की ती शेकायला बाबांना हाक मारत नसे. मला किंवा मायला बोलवायची. बाबा दारात उभे राहायचे आणि थोड्या वेळानं निघून जायचे.

विसाव्या वर्षी, सरकारी दवाखान्यात रक्ताची दुसरी बाटली लावलेली असताना ती गेली. तिसऱ्या दिवशी माय तिचे कपडे धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले कोणी विचारलं असतं वं, तर मी होऊ देलं असतं." तेव्हाच का बोलली नाहीस, हे मी तिला विचारलं नाही.

वाडीच्या त्या माणसाला पुढं तीन मुलं झाली, तिन्ही धडधाकट. माझं लग्न तपासून-निवडून झालं. एक मुलगी आहे. तिच्या रक्तात माझं अर्धं आलं आहे. बाबांनी रिपोर्ट वाचून घडी घातली आणि म्हणाले, हिले लग्नाच्या आधी सांगजो. ते सांगणं मला जमेल. पण मावशी कोण होती आणि तिनं काय विचारलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.