आक्काच्या गावावरून गेलेलं विमान

नागपूर ते पुणे अंतर किती, असं फोनला विचारलं की लगेच उत्तर येतं, आणि खाली लिहिलेलं असतं: विमानानं सव्वा तास. ते वाचलं की अजून माझं डोकं फिरतं. माणसाला विमानतळावर नाही, घरी पोचायचं असतं, हे त्या उत्तर देणाऱ्याला कोण सांगणार?

मी नागपूरला नोकरीला. थोरली बहीण, आक्का, नगर जिल्ह्यात पाथर्डीजवळच्या एका गावात दिलेली. आई-वडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे मी एकटाच. कामासाठी मी विमानानं पुण्याला जायचो, ते नेमकं तिच्या गावावरून जायचं. तिला त्याचं भारी कौतुक. "दुपारचं इमान दिसलं की मी अंगनातून हात करते. दिसते का न्हाई तुला?" असं विचारायची. मी बेधडक सांगायचो, "दिसतेस की, लुगड्याचा रंगसुद्धा दिसतो."

गेल्या थंडीत एका सकाळी दाजींचा फोन आला. आक्का झोपेतच गेली होती. "पाव्हनं, इमानानं या, लवकर पोचाल. तुमच्या लुगड्याबिगर तिला हलवत न्हाई," एवढंच ते बोलू शकले. आमच्याकडे बाई गेली की शेवटची अंघोळ घालतात आणि माहेराहून आलेलं लुगडं नेसवतात. बायकोनं संक्रांतीला आक्कासाठी घेतलेलं हिरवं लुगडं कपाटात होतं. तेच पिशवीत घातलं.

समृद्धी महामार्गावरून गाडीनं निघालो असतो तर उन्हं असतानाच पोचलो असतो. पण नागपुरातले, गावातले, सगळे एकच म्हणाले, विमान लवकर. मलाही तसंच वाटलं.

विमानात मी खिडकी बंद करून बसलो. खाली बघायची हिंमत नव्हती.

पुण्यात उतरलो आणि वरून आलो त्याच दिशेनं मागं निघालो, टॅक्सीनं. वाघोलीला गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. दाजी फोन करायचे, "कुठवर आला?" मी म्हणायचो, "आलोच." शिरूर गेलं, नगर गेलं, करंजीचा घाट चढताना डोंगरावरचं ऊन पिवळं पडलं. मांडीवरची पिशवी मी घट्ट धरून ठेवली होती.

गावात पोचलो तर दारात पुरुष कोणी नव्हते. ओढ्याच्या पलीकडं धूर दिसत होता. उंबऱ्याशी आक्काची सासू बसली होती. माझ्या हातातली पिशवी बघून तिनं कपाळावर हात मारला.

"दुपारी वरून इमान गेलं रं. समद्यांनी वर बघितलं. म्हनलं, आला भाऊ, आता घटकाभरात लुगडं येतंय. आन् लगेच अंघोळ घातली तिला. मग तू येईना. वल्या अंगानं किती येळ ठेवायची? शेवटाला तिच्या जावंचं लुगडं नेसवलं. दिस मावळायच्या आत न्यावं लागलं, बाबा."

ती डोळे पुसत पुढं म्हणाली, "जावंनं हात बी केला वर. म्हनली, बाई रोज करायच्या. बघितलास का तू?"

मी "व्हय" म्हणालो.

लुगडं तसंच घडीचं परत आणलंय. ते कोणाला द्यायचं, ते मला कळत नाही.