आजोबांच्या बुटांची दिशा

रविवारी जपानातल्या निशी-कसाईच्या आमच्या घरात लेक बुटांच्या पॉलिशची डबी उघडते आणि त्या वासासरशी मला जर्मनीतलं ते जुनं गाव आठवतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही बाबांना घेऊन तिथे गेलो होतो. पांढऱ्या भिंतींत काळ्या लाकडाच्या तिरक्या चौकटी, गल्लीवर झुकलेले मजले; बाबा दिसेल त्या खांबाला हात लावून बघत होते. तसल्याच एका घरात आम्ही उतरलो. जपानात वाढलेल्या माझ्या पाच वर्षांच्या लेकीने दारातच सगळ्यांना बूट काढायला लावले आणि जपानी रीतीप्रमाणे टोकं रस्त्याकडे करून मांडले. बूट घालूनच घरात वावरणारी मालकीणबाई बघतच राहिली. "अगं, आत्ता तर आलोय, लगेच घालवतेस का मला?" बाबा म्हणाले. तिने जरा विचार केला आणि फक्त त्यांचे बूट आतल्या बाजूला वळवले. पुण्याला परतताना बाबा ते बूट आमच्याकडेच ठेवून गेले, "पुढच्या वेळी लागतील" म्हणून. आज सकाळीही लेकीने ते चकचकीत पुसले आणि दारात टोकं आत करून ठेवले. डॉक्टरांनी बाबांचा विमानप्रवास बंद केलाय, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.