नारिंगी नोट

विसाची नोट नवी नवी निघाली तेव्हा किरनापुरात तिला कोणी दारात उभं करत नव्हतं. एकाची, दोनाची, पाचाची, दहाची आणि नशीब जोरावर असेल तर शंभराची, एवढ्याच नोटा आम्हाला माहीत. शंभराला सलाम ठोकणारे दुकानदार ही नारिंगी नोट उन्हात धरायचे, चोळायचे आणि परत करायचे.

आमच्या घरात ती आईच्या हातून आली. वडील गेल्यापासून आमचं धान काका विकायचा आणि जे हातावर ठेवायचा ते आई मुकाट्यानं घ्यायची. त्या वर्षी तिनं पहिल्यांदाच स्वतः सौदा केला. आपली बकरी विकली. गोंदियाच्या व्यापाऱ्यानं साठ रुपये दिले: चार दहाच्या आणि एक विसाची. तो गेल्यावर आम्ही मीठमिरची घ्यायला किराणावाल्याकडे गेलो. त्यानं नोट उलटीपालटी केली नि हसला.

"बाई, हे रामपायलीच्या जत्रेतली खेळन्याची नोट हाय. फसवलं तुले."

संध्याकाळी काका हजर.

"म्हनूनच म्हनतो वहिनी, बाईमानसानं बाजारात पडू नये. आता कोंबडीबी मले विचारून विकजो."

मी आठवीत होते. नोटेवरची अक्षरं मी मोठ्यानं वाचून दाखवली. "छापाचं काय, काहीबी छापते लोक," तो म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण आईनं ज्या तऱ्हेनं पदर खोचला त्यावरून मी ओळखलं, हे प्रकरण मिटलेलं नाही.

सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही बालाघाटची बँक गाठली. खजांचीनं नोट पाहिली. "असली है बाई. दस-दस के दो दे दूँ?"

मला वाटलं, सुटलो. आईनं मात्र नोट परत मागितली आणि बटव्यातून दोन दहाच्या काढून पुढं सारल्या. "याच्या बदल्यात अशीच आनखी एक द्या."

किरनापुरात उतरल्यावर ती तडक किराणावाल्याकडे. दुकानात गिऱ्हाइकांची दाटी होती, तिला तेच हवं होतं. दोन्ही नोटा तिनं शेजारी शेजारी मांडल्या.

"एक बकरीची, एक ब्यांकेतली. सांगा भाऊ, खेळन्याची कोनती?"

किराणावाला एकदा या नोटेकडे, एकदा त्या नोटेकडे बघत राहिला. मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग त्यानं मीठमिरची तोलली, एक नोट गल्ल्यात टाकली आणि सुटे पैसे दिले. मला त्या क्षणी आईचा इतका अभिमान वाटला की पिशवीचं ओझं जाणवलं नाही.

काका ओट्यावर वाट बघत होता. बाजारातली बातमी आमच्या आधी पोचली होती. त्याचा आवाज मऊ झाला. "बरं झालं वहिनी. आना इकडं, मी जपून ठेवतो."

आईनं बटव्याची दोरी ओढली.

"राहू द्या भाऊजी. औंदाचं धान निघालं का तुमी फक्त गाडी जुपून द्या. मंडीत मी जाईन."