उजवीकडे बघणारा खंड्या

कात्र्यांच्या त्या कारखान्यात सगळेच तिला वहिनी म्हणत, सासऱ्यांच्या वयाचा पॉलिशवालासुद्धा. बावीस वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा पोलादाची जाण घरात तिघांना होती आणि कागदाची एकालाही नव्हती. सरकारी पाकीट आलं की सासरे ते डब्याखाली सरकवत. न उघडलेलं पत्र त्यांच्या लेखी आलेलंच नसे. वहिनीने पहिल्याच महिन्यात तो डबा उचलला, आणि कागद म्हणजे वहिनी हे ठरूनच गेलं. नवरा तिला चिडवायला कायदेमंत्री म्हणायचा, पण सही कुठे करायची ते तिलाच विचारायचा.

परदेशात माल जाऊ लागला तेव्हा तिथे आपल्या छापाची नोंदणी करायचा हट्टही तिचाच. छाप म्हणजे खंड्या पक्षी, चोच पुढे काढून बसलेला. "शिंप्याला कात्री लागते, पाखरू नाही," असं नवरा तेव्हा म्हणाला होता. पुढे, वर्षभरापूर्वी, माल घेणाऱ्या तिकडच्या एका व्यापाऱ्याशी बिनसलं, आणि त्या पठ्ठ्याने तोच खंड्या सरळ स्वतःच्या नावावर मागितला. यांची नोंदणी आधीची, म्हणून त्याचा अर्ज अडून राहिला. नवरा त्यानंतर पाखराबद्दल काही बोलला नाही.

पण नोंदणी एकदा करून भागत नाही. तिकडचा नियम असा, की ठरावीक वर्षांनी शपथेवर सांगायचं, छाप अजून वापरात आहे, आणि सोबत मालाचा फोटो जोडायचा. नाही जमलं तर नोंदणी रद्द, आणि मागे टपून बसलेला व्यापारी पुढे. निम्मा माल तिकडेच जात होता. तो थांबला तर अकरा कामगारांपैकी पाच-सहा जणांना घरी बसवावं लागलं असतं. वहिनीने कॅटलॉगमधलं चित्र आधीच पाठवलं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी सहाला मेल उघडली, तर तिकडच्या वकीलबाईंचा निरोप: चित्र चालणार नाही, खऱ्या कात्रीचा फोटो हवा, मुदत आमच्या मध्यरात्रीपर्यंत. म्हणजे इथले सकाळचे साडेनऊ.

सातला ती कारखान्यात होती. रवाना व्हायच्या खोक्यातून एक कात्री काढून तिने खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवली, फोटो काढला आणि नोंदणीच्या दाखल्याशेजारी धरला. दाखल्यातला खंड्या उजवीकडे बघत होता. फोटोतला डावीकडे. फोनने उलटा केला असेल म्हणून तिने कात्रीच डोळ्यांजवळ नेली. डावीकडेच. मग दुसऱ्या खोक्यातली काढली, तिसऱ्यातली काढली. तीन-तीन महिन्यांनी ती हाच माल स्वतः तपासून पाठवत होती, पण रोज समोर असलेली गोष्ट माणूस बघतो कुठे?

ठसा कोरायचं काम धाकट्या दिराचं. सासऱ्यांनी कोरलेला जुना ठसा तडकला तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, नवा त्यांनीच कोरला होता. वहिनीने कात्री त्यांच्यासमोर धरली.

"वडिलांची कात्री पुढ्यात ठेवून कोरला," भाऊजी म्हणाले. "जसाच्या तसा."

ठशावर जसाच्या तसा कोरला की पोलादावर उलटा उमटणार, हा तर या कामाचा पहिला धडा. पण सासऱ्यांना जाऊन तेव्हा महिनाच झाला होता, आणि त्यांची एक रेषही चुकू नये याखेरीज भाऊजींच्या डोक्यात काही नव्हतं.

"तुम्हाला कळलं कधी?"

"पहिल्या दहा कात्र्यांतच."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

वहिनीला असा संताप आला, की ती पाठ फिरवून ऑफिसात आली. मागोमाग नवरा आला.

"फोनमध्ये उलटा कर की. एका बोटाचं काम."

"शपथपत्रावर सही माझी आहे."

"एवढ्या लांब कोण बघायला येतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या व्यापाऱ्याच्या गोदामात आपल्याच कात्र्या पडल्यात. तो बघेल." मग म्हणाली, "आणि मला माहीत आहे ना."

साडेआठला वकीलबाई फोनवर सापडल्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की खरा फोटो द्या आणि कारण लिहा. फरक किरकोळ आहे असं नोंदणी कचेरीतल्या तपासनिसाला वाटलं तर निभावेल, नाही वाटलं तर छाप गेला. त्याला काय वाटेल हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

वहिनीने लिहायला घेतलं. 'ठसा कोरताना कारागिराकडून चूक झाली' इथवर आली तेव्हा भाऊजी दारात उभे होते.

"कारागीर नको. माझं नाव घाला."

तिने नाव घातलं. नऊ वाजून अठरा मिनिटांनी कागद गेले. नवरा "हात दाखवून अवलक्षण," असं पुटपुटत निघून गेला, आणि वहिनी कडी लावून पोटभर रडली. आपण खरेपणाच्या हौसेपायी पाच-सहा घरांची चूल विझवली, या भीतीने तिला पुढचे दहा आठवडे नीट झोप लागली नाही.

अकराव्या आठवड्यात उत्तर आलं. फरक किरकोळ, नोंदणी कायम. मात्र यापुढे छाप दाखल्याप्रमाणेच उमटवावा.

"म्हणजे त्यांना काही फरकच पडला नाही," नवरा हसून म्हणाला, आणि तिच्यासमोर बसून तेच पत्र त्याने चारदा वाचून घेतलं.

दुपारी भाऊजी ऑफिसात आले. एरवी ते त्या खोलीत पाऊल टाकत नसत. हातात नवा ठसा होता आणि त्या ठशाचा छाप मारलेली शिशाची पट्टी.

"पाणी द्यायच्या आधी बघा," ते म्हणाले. "एकदा पाणी देऊन पोलाद कडक केलं की हात लावता येत नाही."

वहिनीने पट्टी दाखल्याशेजारी ठेवली. खंड्या उजवीकडे बघत होता. छान आहे म्हणून विषय संपवता आला असता. भाऊजींच्या कोरीवकामात खोट काढणारं सासऱ्यांनंतर कुणी उरलं नव्हतं.

"चोच जरा बोथट वाटते," ती म्हणाली.

भाऊजींनी पट्टी उजेडात धरून बराच वेळ बघितली. "हो," म्हणाले, खिशातून छिन्नी काढली आणि तिच्याच टेबलाशी स्टूल ओढून बसले.