काकूंच्या ओट्यावरून उचललेले शब्द

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. राहात्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता. शिर्डीतल्या एका लॉजवाल्या शेठनं माझ्याकडून वेबसाइट करून घेतली. पण नुसती करून भागत नव्हतं. परदेशातल्या भक्तानं सर्च इंजिनवर खोली शोधली की ही वेबसाइटच वर यायला हवी. त्यासाठी लोक कोणते शब्द टाकून शोधतात ते हुडकायचे आणि पानात पेरायचे. शेठच्या लॉजमध्ये पेरण्यासारखं काहीच नव्हतं.

मागच्या गल्लीत माझ्या दूरच्या नात्यातल्या एक काकू राहायच्या. विधवा. घरातल्या दोन खोल्या भक्तांना देऊन त्यांचं चालायचं. मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत पाहुण्यांना बोलतं करायचो. घरगुती जेवण, बिनकांद्याची भाजी, बंबाचं पाणी, काकूंचं घर, असं ते सांगत. ते सगळं इंग्रजीत करून मी शेठच्या पानाच्या तळाशी घातलं, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. माणसाला दिसत नाही, सर्च इंजिन वाचतं. मग भक्तांच्या वेबसाइटवर, अभिप्रायाच्या पानांत, मी न्यू जर्सीची एक बाई झालो, लॉजची स्तुती केली आणि खाली लिंक दिली. अशा लिंक जितक्या जास्त, तितकं पान वर, हे मी कुठंतरी वाचलं होतं. पान खरंच चढलं.

शेठ म्हणाला, "मास्तर, तुमी तर नारळ न फोडताच देव प्रसन्न केला."

काकूंकडे कसला कॉम्प्युटर. पाहुण्यांना त्यांनी माझाच ईमेल देऊन ठेवला होता. दर हिवाळ्यात अमेरिकेहून एक वयस्कर मराठी जोडपं येऊन महिनाभर राहायचं. त्यांच्या जिवावर काकू उन्हाळा काढायच्या. त्या वर्षी त्यांची मेल आली. काकूंचं घर म्हणून शोधलं तर हे लॉजचं पान आलं, जागा बदलली का?

लॉजला परदेशातून आलेली ती पहिलीच विचारणा. मी लिहिलं, हो, आता इथेच.

लिहायला वेळ लागला नाही. नंतर मात्र कुठं बसवेना. क्लासमध्ये पोरांना शिकवता शिकवता मी मोडेम लावायचो, मेल उघडायचो, बंद करायचो. एसटीनं शिर्डीला जायचो आणि काकूंच्या दारापर्यंत जाऊन परत फिरायचो. गाठ पडली की त्या विचारायच्या.

"आलं का रे त्यांचं काही?"

"लाइन लागत नाही, काकू."

"त्या डबड्यापरीस आमचा पोस्टमन बरा. न्हाई तर न्हाई म्हनून तरी जातो."

नांदेडचं एक कुटुंब त्यांनी माझ्यासमोर परत पाठवलं. खोली ठरल्याली हाय, म्हणाल्या. आत त्या जोडप्यासाठी धुतलेल्या चादरी घातलेल्या होत्या.

जोडपं आलं ते लॉजवर. पैसे आगाऊ भरलेले. "काकू कुठायत?" त्या बाईंनी मला विचारलं. मी म्हणालो, "खोल्या देणं बंद केलं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी बाई भेटायला म्हणून काकूंच्या घरी गेल्या. मीही मागोमाग गेलो, का ते मला आजही सांगता येत नाही. काकूंनी त्यांना जेवू घातलं. खोल्या बंद केल्यात म्हणे, असं बाई बोलल्या, तेव्हा काकूंनी त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली. बाई गेल्यावर माझ्याकडं वळल्या.

"म्या बंद केलं, हे कुनी सांगितलं त्यांला?"

"लॉजवाल्यांनी."

"व्हय? त्यांचं बी पोट हाय म्हना."

त्याच दिवशी मी पानातले शब्द काढले. पण सर्च इंजिन आपलं जुनंच धरून बसलं होतं. रोज शोधायचो, रोज शेठचंच पान वर. न्यू जर्सीच्या बाईनं लिहिलेलं तर मला पुसताही येत नव्हतं. काकूंच्या घराची चौकशी लॉजवरच होत राहिली, आणि तिथला माणूस खोली देत राहिला.

पुढच्या वर्षी काकूंनी दोन्ही खोल्या एका पेढेवाल्याला माल ठेवायला दिल्या. खाटा बाहेर काढायला त्यांनी मला बोलावलं. मी एक बाजू धरली, पेढेवाल्यानं दुसरी.

"माझ्या अडीनडीला तू तेवढा येतोस बाबा," काकू म्हणाल्या.

मी खाट अंगणात ठेवली आणि दुसरी आणायला आत गेलो.